झरना चपला लपवायची

१

उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची भरायची. ऊन टाळूवर यायच्या आत मी घरी परतायची, घरापुढच्या छपरीत चपला काढायची, माठातलं पाणी प्यायची आणि जेवून आडवी व्हायची. नागभीडच्या रेल्वे कॉलनीत दुपारी सगळ्यांचं हेच. छोट्या लाईनीची गाडी निघून गेली की उन्हं कलेपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे.

चैतातल्या एका दुपारी जाग आली. नळाला पाणी आलंय का बघावं म्हणून मी बाहेर आले, तर छपरीत चपला नव्हत्या. माझ्या नव्हत्या, माझ्या नवऱ्याच्या, श्रावणच्या, नव्हत्या, सासूबाईंच्या जाड चामड्याच्या वाहाणाही नव्हत्या. फरशी झाडून काढलेली होती. चपलांच्या जागी धुळीचा ठसासुद्धा नव्हता.

कुत्र्यानं नेल्या म्हणावं, तर कुत्रं एखादी नेतं. चोरानं न्याव्यात इतक्या त्या नव्या नव्हत्या. अनवाणी अंगण फिरून तळवे पोळले, तेव्हा मी आत आले. स्वयंपाकघरात भिंतीला लागून एक रिकामा पिपा असायचा. त्याचं झाकण थोडं वेगळं बसलेलं दिसलं. उघडलं. आत सगळ्या चपला होत्या. तळव्याला तळवा लावून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, एखादी मोलाची वस्तू ठेवावी तशा.

मागे वळले तर झरना दारात उभी होती.

“तू ठेवल्या वं?”

तिनं मान हलवली. हो.

“काऊन?”

तिनं माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि पिप्यावर परत बसवलं. दोन्ही हातांनी, जराही आवाज न करता.

२

झरना आमची मुलगी. आमची होऊन तिला तेव्हा सहाएक महिने झाले होते.

लग्नाला इतकी वर्षं होऊन आम्हाला मूल नव्हतं. श्रावण रेल्वेत पॉइंट्समन, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सत्याऐंशीच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो, तिथं ओळखीच्या एका भन्तेजींनी काही मुलं आणलेली होती. बांगलादेशातल्या डोंगरांतली, चकमा, आपल्यासारखीच बौद्ध. त्यांची गावं जाळली गेली होती. सीमा ओलांडून ती त्रिपुरातल्या छावणीत आली होती आणि तिथून इथवर. लहान लहान मुलांना घरं मिळाली. झरना सगळ्यांत मोठी होती. दात बघून डॉक्टरनं नऊ-दहा वर्षांची सांगितली होती. ती भिंतीला टेकून बसली होती आणि कोणाकडेच बघत नव्हती.

श्रावणनं विचारलं, “हिले कोणी नाई नेलं?”

भन्तेजी म्हणाले, “मोठं मूल आपलं सगळं सोबत घेऊन येतं. लोक भितात.”

“आमी नाई भीत,” श्रावण म्हणाला.

कोर्टातलं काम झालं आणि एक फ्रॉक नि एक शाल घेऊन ती घरी आली.

आमच्या घराबद्दल एक सांगायला हवं. माझे सासरे छप्पन साली दीक्षा घेऊन परतले आणि त्याच दिवशी देव्हारा उचलून बाहेर ठेवला. भूत, करणी, अंगात येणं हे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. ते वारल्यावर गिरजाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो शिरस्ता तसाच चालवला. पुढचं जे काही घडलं ते मी ह्याच घरातल्या माणसाच्या डोळ्यांनी बघत होते. अजूनही तसंच बघायचा प्रयत्न करते.

हिवाळा चांगला गेला. झरना भात पोटभर खायला लागली, गालांवर मांस आलं. मराठी तिला मी नाही शिकवली. दिवसभर सासूबाईंबरोबर तांदूळ निवडत बसायची, त्यांचीच बोली उचलली. “बुढी माय” म्हणायची त्यांना. सासूबाईंना जुना खोकला होता. रात्री उबळ आली की आमच्या आधी झरना उठून पाणी द्यायची. मला आणि श्रावणला ती कशानंच हाक मारत नसे. त्याची मला घाई नव्हती.

चैत लागला, दुपारी रस्ते ओस पडायला लागले, आणि हे सुरू झालं.

३

चपलांवरून मी तिला रागावले नाही. मात्र लक्ष ठेवू लागले.

जेवणं झाली, गाडी गेली, कॉलनी निजली की ती उठायची. आधी चपला. मग मागच्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे, ओले असले तरी. चुलीतल्या निखाऱ्यांवर थेंब थेंब पाणी, धूर उठू नये इतकं जपून. रेडिओ लागलेला असला तर बंद. धुतलेली ताटं धानाच्या कोठीमागे. मग स्वयंपाकघरात, भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसायची, तोंड किंचित उघडं ठेवून. तोंड उघडं असलं की श्वासाचा आवाज येत नाही, हे मला पुढं कळलं.

इतकं झालं की आमच्या घरात कोणी राहतं असं वाटायचं नाही.

सासूबाईंना हसू यायचं. “पाह्य वं कांता, पोरीनं काय करून ठेवलं. जित्या माणसाचं घर वाटते का हे?”

एकदा मी तिच्याजवळ भिंतीशी बसले. “झरना, दुपारी कोणी येते का?”

तिनं तिच्या भाषेतला एक शब्द सांगितला. मला समजला नाही. मग मराठी शब्द शोधत म्हणाली, “पाहून जाते.”

“काय पाहते?”

“कोण कोण आहे, ते.”

“मंग?”

ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “आमच्या इथी चपला होत्या. पायरीवर. भावाच्या.”

मी तिला जवळ घेतलं. मला वाटलं, मला सगळं समजलं. बंदुका घेऊन आलेली माणसं, भर दुपार, पायरीवर विसरलेल्या चपला. लेकरानं तेवढंच धरून ठेवलं होतं. त्यात गूढ काही नव्हतं. आणि भीतीचं मास्तरांना माहीत असलेलं औषधही मला माहीत होतं. अंधाराला भिणाऱ्या मुलाला हात धरून अंधारात न्यायचं, दिवा लावायचा, दाखवायचं की बघ, इथं काही नाही.

४

रविवार होता. श्रावण ड्यूटीवर, सासूबाई आत निजलेल्या. मी पिप्यातून चपला काढल्या आणि छपरीत ओळीनं मांडल्या, टाचा घराकडे, पंजे रस्त्याकडे. समोरचं दार नुसतं लोटलं. झरनाला खाटेवर मांडीशी घेऊन बसले.

“पाह्य, काई नाई होत.”

तिचं अंग लाकडासारखं झालं होतं. लाईट गेलेली, पंखा बंद. बाहेर कडुनिंबात चिमण्यांचा कलकलाट चालला होता. तो कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. थांबलाय एवढंच एकदम लक्षात आलं.

मग छपरीत फट् असा आवाज झाला.

फट्, फट्. कोणीतरी रबरी चपला घालून चालत होतं. डाव्या पायाचा आवाज दुहेरी येत होता, कारण त्या चपलेचा पट्टा सैल होता. म्हणजे त्या माझ्या चपला. शेजारच्या इंदुताई आल्या आणि गमतीनं माझ्या चपला घालून बघतायत, असं मी मनाशी म्हटलं. छपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं झालं. थांबलं. चपला काढल्याचा आवाज. मग श्रावणच्या जड चपला, त्याही या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चामडं करकरलं. सासूबाईंच्या वाहाणा.

मी उठायला लागले तर झरनाची नखं माझ्या मनगटात रुतली. तरी मी उठले. दार उघडलं.

कोणी नव्हतं. पांढरंफेक ऊन, दोन्ही बाजूंना रिकामा रस्ता. चपला ओळीत होत्या, पण आता त्यांचे पंजे घराकडे होते. आणि प्रत्येक जोडात ओल्या पायाचा ठसा होता. त्या उन्हात मी बघता बघता ते सुकत गेले. तरी एवढं दिसलं, की ठसा टाचेशी संपत नव्हता. चपलेच्या मागं फरशीवरही वीतभर उमटलेला होता.

संध्याकाळपर्यंत मी स्वतःला समजावत राहिले. कोणी उंच माणूस, नळावर पाय धुऊन आला असेल, चपला चोरायच्या विचारानं घालून बघितल्या असतील, माझी चाहूल लागून पळाला असेल. पटण्यासारखं होतं. फक्त नळाला त्या दिवशी पाणी आलंच नव्हतं.

५

दोन-तीन दिवसांनी इंदुताई कुंपणावरून म्हणाल्या, “मास्तरीनबाई, रविवारी दुपारी तुमच्याकडे कोण पाहुणे आलते वं?”

“कोणी नाई. काऊन?”

“मंग छपरीत कोण उभं होतं? मी मोरीत आली, तं दिसलं. चपला पाहून राह्यला होता खाली मान घालून. मले वाटलं, तुमचे दीर-बीर असतीन.”

“कसा होता?”

“उंच होता. छपरीच्या पत्र्याले डोकं लागून राह्यलं होतं.” त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. “बाकी काई ध्यानातच नाई राह्यलं वं. कपडे कोणते होते, तेही नाई.”

श्रावणला सांगितलं. तो म्हणाला, भुरटा चोर, आणि ठाण्यावर जाऊन सांगून आला. कॉलनीत दोन दिवस शिपाई फिरला.

इंदुताईंनी सांगितलं त्याच संध्याकाळी झरनानं पहिल्यांदा आपणहून माझा हात धरला. मला स्वयंपाकघरात नेलं. बांबूची, शेणामातीनं लिंपलेली धानाची कोठी आणि मागची भिंत, यांच्यामध्ये तिनं जागा करून ठेवली होती. पोती सरकवली होती, खाली गोणपाट अंथरलं होतं, पाण्याचा तांब्या होता. तिनं बोटानं एकेक जागा दाखवली. “इथी तू. इथी मी. इथी बुढी माय. बुढी मायच्या तोंडात फडका, खोकला येते म्हणून.” मग थोडं थांबून, “इथी तो.” तो म्हणजे श्रावण. तिनं कोणालाच सोडलं नव्हतं.

मी सासूबाईंना म्हणाले, “बाई, पोरीच्या समाधानासाठी दुपारच्या तुमच्या वाहाणा आत राहू द्या ना.”

सासूबाई एरवी झरनाचा शब्द खाली पडू देत नसत. पण या गोष्टीला त्या कधी तयार झाल्या नाहीत. “माह्या लहानपणी मालगुजाराच्या घरासमोरून जाताना चपला हातात घ्या लागे,” त्या म्हणाल्या. “वर ऊन, खाली फुफाटा, अन् चपला हातात. माह्या मायचे तळवे फोडांनी भरून जात. आता हे माह्या लेकाचं घर आहे. माह्या दारात माह्या वाहाणा दिसतीन. ज्याले पाह्यचं त्यानं पाहावं.”

झरना ऐकत होती. दुसऱ्या दुपारी तिनं वाहाणा लपवल्या. सासूबाईंनी पिपा उघडून काढल्या आणि छपरीत नेऊन ठेवल्या. तिसऱ्या दुपारीही तेच. कोणी कोणाला बोललं नाही. संध्याकाळी झरना त्यांचे केस विंचरत बसायची.

मला दोघींचंही खरं वाटत होतं.

६

मे महिना. मला सुट्टी लागलेली, श्रावण स्टेशनवर. सासूबाई बाहेरच्या खोलीत खाटेवर पडल्या होत्या, वाहाणा छपरीत. बाकी सगळं झरनानं आवरलं होतं.

चिमण्या गप्प झाल्या. या वेळी मी वाटच बघत होते.

झरनानं मला ओढलं. मी विज्ञान शिकवणारी बाई, माझ्याच घरात, भर दुपारी, कोठीमागं जाऊन बसले. का गेले? इंदुताईंच्या तोंडून ऐकल्यावर मी त्या पत्र्याची उंची मोजून बघितली होती, म्हणून. “बुढी माय,” झरना कुजबुजली. मी सासूबाईंना हाक मारायला तोंड उघडलं, आणि छपरीत चामडं करकरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दाराशी.

“कोण आहे?” सासूबाईंचा आवाज, झोपेतला. खाट वाजली. “कोण पाहिजे, बाबू?”

उत्तर ऐकू आलं नाही.

“ये. बस. ऊन फार आहे. पाणी देतो.”

मला क्षणभर लाज वाटली. कोणी वाटसरू आला असेल आणि मी पोत्यांमागं लपून बसले होते. मी उठणार होते. तेवढ्यात सासूबाई पुन्हा बोलल्या आणि मी बसूनच राहिले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खालचा, सावध, एकेक शब्द तोलून टाकलेला.

“नाई. कोणी नाई इथी. मी एकटीच राहतो.”

पुन्हा काही नाही. बोलण्यात नुसती मोकळी जागा, एखाद्यानं विचारावं इतकी.

“हो, एकटीच.”

पुन्हा तशीच जागा.

“पोरगी? कोणती पोरगी?”

वाहाणा करकरत स्वयंपाकघरात आल्या. पाणी सांडल्यासारखा ओलसर आवाज प्रत्येक पावलाला येत होता. माठावरचं झाकण उचललं गेलं, ठेवलं गेलं. पिठाचा डबा. डाळीचा डबा. सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं. मग पिपा. पिप्याचं झाकण उचललं गेलं आणि परत ठेवल्याचा आवाज आलाच नाही.

“त्या जुन्या आहेत,” सासूबाई मागून म्हणाल्या. त्या दारापर्यंत आल्या असाव्यात. “मेलेल्या माणसाईच्या आहेत. टाकवत नाई, म्हणून ठेवल्या.”

खूप वेळ गेला. मग झाकण बसलं.

कोठी आणि भिंत यांच्यात खाली चार बोटांची फट होती. त्या फटीत सासूबाईंची वाहाण आली. तिच्यात पाय होता, ओला, पाण्यात फार दिवस राहिल्यासारखा पांढरा. टाच वाहाणेच्या मागं वीतभर बाहेर जमिनीवर टेकलेली होती. तो पाय तिथं थांबला. मग वरून, हळूहळू, केस खाली यायला लागले. कोणीतरी वाकत होतं. फटीतून बघायला वाकत होतं. केसांची टोकं जमिनीला लागली आणि पुढं कपाळ दिसायला लागलं, तोच एक लहान थंड हात माझ्या डोळ्यांवर आला आणि तिथंच घट्ट राहिला.

तो हात थरथरत नव्हता.

७

चिमण्या पुन्हा ओरडायला लागल्या तेव्हा झरनानं हात काढला.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. वाहाणा उंबऱ्याशी होत्या, ओल्या. “बाई,” मी म्हणाले. त्यांनी बघितलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले, तर त्यांची नजर माझ्यातून पलीकडे दारावर तशीच होती. खांद्याला हात लावला तर माशी बसावी तसा झटकला. झरना त्यांच्या पायाशी जाऊन बसली, “बुढी माय, बुढी माय” म्हणाली. त्या उठल्या, तिला वळसा घालून चुलीपाशी गेल्या आणि एका माणसाचा भात टाकला.

संध्याकाळी श्रावण आला. “आई,” त्यानं हाक मारली. त्यालाही तेच.

डॉक्टर म्हणाले ऊन लागलं, डोक्यात गेलं, या वयात असं होतं. मन राखा, विरोध करू नका. मला ते पटलं. आजही त्यापेक्षा बरं कारण माझ्याजवळ नाही. श्रावण आईला घास भरवायला बसे, आणि त्या त्याच्या हातापलीकडच्या भिंतीकडे बघत राहत. दिवेलागणीला त्या आतून कडी लावायच्या, बाहेर श्रावण ठोठावत असला तरी. मग मी जाऊन उघडायची. तो आत यायचा, आणि त्या पुन्हा उठून कडी लावायच्या.

रोज दुपारी मात्र त्या दार सताड उघडून बसायच्या. तेव्हा मी आणि झरना कोठीमागं. श्रावणला आम्ही सांगत होतो, त्याला वाटायचं माझ्याही डोक्यावर परिणाम झालाय. आम्हाला आतून फक्त त्यांची उत्तरं ऐकू यायची, आणि उत्तरांमधल्या जागा. कधी कधी मला वाटायचं, त्यांना आम्ही दिसत नाही असं नाही. न बघण्याचं काम त्या दिवसरात्र करत आहेत, आणि थकत चालल्या आहेत.

एका दुपारी विचारणाऱ्यानं जास्त वेळ घेतला असावा. सासूबाई एकेक करून बोलत गेल्या.

“नवरा मेला. हो.”

“नाई, लेक नाई मले.”

“सून कुठून येईन मंग?”

आणि बऱ्याच वेळानं, अगदी हळू, “नात? नाई बाबू. मले नात नाई.”

माझ्या शेजारी झरनानं गुडघ्यांत डोकं घातलं.

८

पुढचं थोडक्यात सांगते. त्या वर्षीच श्रावणनं बदली मागून घेतली आणि आम्ही नागभीड सोडलं. तिथून गेल्यावर कधी काही झालं नाही. झरना शिकली, नोकरीला लागली, तिला दोन मुलं आहेत. त्या उन्हाळ्याबद्दल आम्ही तिघं आपसांत बोललेलो नाही. कॉलनीतले लोक मात्र बरीच वर्षं बोलत राहिले, की गिरजाबाई गेल्या तेव्हा त्या घरातलं एकही माणूस रडलं नाही. ते खरं आहे.

जून लागला होता, पण आभाळ कोरडंच होतं. सासूबाईंनी खाट धरली. पाणीसुद्धा जाईना. तरी दार उघडं ठेवायला लावायच्या, खुणेनं, कोणालाच उद्देशून नाही अशा. श्रावणनं रजा काढली होती. त्या दिवशी गाडी गेल्याचा आवाज आला आणि त्यांनी डोळे उघडले. श्रावणकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग झरनाकडे, सगळ्यांत जास्त वेळ. इतक्या आठवड्यांनी त्या आम्हाला बघत होत्या.

“आत जा,” त्या म्हणाल्या. आवाज उरलाच नव्हता. “तिघंही.”

“आई, मी इथीच बसतो,” श्रावण म्हणाला.

“जाय बाबू. अन् मी गेली तं रडू नका. आवाज करू नका.”

“काय बोलून राह्यली आई?”

“रडणारं असलं, म्हंजे माणूस एकटं नसते. त्याले कळते.”

श्रावणनं माझ्याकडे बघितलं. विश्वास बसला म्हणून नाही, आईनं शेवटचं काही मागितलं म्हणून तो उठला. आम्ही तिघं कोठीमागं जाऊन बसलो, झरनानं दाखवलेल्या जागांवर. चौथी जागा रिकामी होती.

तिथं सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता. घरघर, मग थांबणं, मग पुन्हा घरघर. चिमण्या गप्प झाल्या. वाहाणा करकरल्या, आज छपरीत फेरी न मारता सरळ आत. खाटेची दोरी ताणल्याचा आवाज आला, शेजारी कोणी बसल्यासारखा. श्रावणनं तो ऐकला. मी त्याचा चेहरा बघत होते, त्यानं ऐकला.

घरघर थांबली. आम्ही वाट बघितली. ती पुन्हा सुरू झाली नाही.

श्रावण उठायला लागला. झरनानं त्याच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी लोंबकळून त्याला खाली बसवलं. आणि तेवढ्यात बाहेर रडणं सुरू झालं.

आपल्याकडच्या बाया रडतात तसं. सूर लावून, हाका घालत. “माय वं... कुठी गेली वं माय... आमाले टाकून कुठी गेली...” एकीनं असा सूर काढला की दुसरीला आवरत नाही, मांडीवर डोकं टाकून तीही सुरू होते. मयताच्या घरी शेजारणी येतात त्या याच सुरावर. श्रावणच्या चेहऱ्यावर एकदम सुटका दिसली. त्याला वाटलं, मी बाहेर गेले. आवाज माझा होता.

मी तिथंच, झरनाच्या पलीकडे बसले होते. त्याचा हात माझ्या हातांत होता. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, माझ्या मिटलेल्या तोंडाकडे, आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू काय भरत गेलं ते मी कधी विसरणार नाही.

रडणं चालूच होतं. सासूबाईंच्या खोकल्याबद्दल, त्यांच्या हातच्या भाकरीबद्दल, मी जे जे म्हणून रडले असते ते सगळं. माझ्या छातीतून तोच सूर वर यायला लागला. श्रावणनं स्वतःचा ओठ दातांखाली धरला होता, दात रुतून रक्त आलं होतं, आणि त्याचं सगळं अंग हलत होतं. मधे झरना बसली होती. एक हात त्याच्या तोंडावर, एक माझ्या. तिचं तोंड किंचित उघडं, डोळे कोरडे.

मग बाहेरचं रडणं एका शब्दाच्या मधेच थांबलं. अर्धा शब्द तसाच राहिला.

दुसरं कोणी सूर धरतंय का, ते ऐकायला थांबल्यासारखं.